बुकिंग फॉर्मची मागची बाजू

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आहे. गेली सव्वीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले अक्षर न् अक्षर वाचायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, हेच मी करत आले आहे. अशा बाईने पुण्यातल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये बसून, समोर ठेवलेल्या गार कोकम सरबताकडे पाहत, दोन्ही बाजूंनी छापलेल्या फॉर्मची फक्त पुढची बाजू वाचून सही केली, ही गोष्ट मी बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती. लाज वाटत होती हे खरे. पण गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी जवळजवळ हीच कथा मला आपापल्या शब्दांत ऐकवली, तेव्हा ती लिहून काढावी असे वाटले.

सप्टेंबर २०२४ मधला पितृपंधरवडा चालू होता. त्या दिवसांत आपल्याकडे नवी खरेदी कोणी करत नाही, शोरूम ओस पडलेली असतात, आणि म्हणूनच सवलत चांगली मिळते, असा माझा हिशेब होता. आमची २००९ सालची मारुती आठशे नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण करण्याच्या बेतात होती. तिचे नूतनीकरण करून घेण्यापेक्षा ती एक्स्चेंजमध्ये द्यावी आणि दसऱ्याला नवी गाडी आणावी, असे घरात ठरले. गाडीची ऑन-रोड किंमत ७,९५,००० रुपये. जुन्या गाडीचे ४५,००० वजा, दीड लाख आमच्या गाठीचे, आणि उरलेल्या सहा लाखांचे कर्ज. कर्जासाठी मी माझ्या नेहमीच्या बँकेत जाणार होते, परंतु विक्री प्रतिनिधीने मला उठूच दिले नाही. त्याच दालनाच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन होती, तिच्यावर एका बँकेची पाटी होती आणि आत शोरूमच्याच गणवेशातला एक तरुण बसला होता. ‘‘मॅडम, बाहेर कशाला जाता? इन-हाउस करून देतो. आठवड्यात पास.’’ त्याने माझे पॅन कार्ड, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि बँकेचा उतारा घेतला. मी बुकिंगचे २१,००० रुपये भरले. सहा दिवसांनी, दसऱ्याआधी गाडी अलॉट व्हायला हवी असेल तर मार्जिन मनी, म्हणजे कर्जाखेरीजचा आपला वाटा, आधी लागते, असे सांगून आणखी १,२९,००० रुपये घेतले गेले. त्याच संध्याकाळी केबिनमधल्या तरुणाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: अभिनंदन, आपले कर्ज मंजूर झाले आहे. सोबत फुगे आणि दोन लाडवांची चित्रे होती.

या धंद्याची एक भाषा आहे आणि ती मला तेव्हा येत नव्हती. फाइल ‘लॉगिन’ झाली म्हणजे अर्ज फक्त आत गेला. ‘एफआय’ झाली म्हणजे बँकेचा माणूस पत्ता खरा आहे का, हे पाहून गेला. आमच्याकडे तो आला तेव्हा मी प्रुफांच्या ढिगात बसले होते आणि त्याने अतिशय आदराने विचारले, ‘‘मॅडम, तुम्ही घरीच असता का?’’ त्यापुढची पायरी ‘सॅन्क्शन’, म्हणजे मंजुरी. आणि सगळ्यांत शेवटी ‘डीओ’, डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यावी, पैसे आम्ही देतो, असे बँकेने शोरूमला दिलेले पत्र. डीओ हाती येईपर्यंत शोरूमसुद्धा कर्ज धरून चालत नाही. मात्र ग्राहकाशी बोलताना या चारही पायऱ्यांना एकच शब्द वापरला जातो: ‘पास’. माझी फाइल लॉगिन झाली होती आणि एफआय झाली होती. त्यापुढे ती सरकलीच नव्हती. एक खूण मला नंतर कळली. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वैयक्तिक ग्राहकांच्या प्रत्येक नव्या मुदत कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, द्यावा लागतो. व्याज, शुल्के आणि सगळे मिळून वार्षिक खर्चाचा दर त्यात लिहिलेला असतो. तो कागद तुमच्या हातात नसेल तर ‘पास’ हा शब्द केवळ हवेत आहे असे समजावे.

दसरा १२ ऑक्टोबरला होता. ९ तारखेला दुपारी फोन आला की बँकेने नाही म्हटले आहे. दुसऱ्या दोन ठिकाणीही फाइल टाकून पाहिली, तिथेही नाही. मी विचारले, कारण काय? तर, ‘‘सिस्टिमने रिजेक्ट केलं, मॅडम.’’

रागावण्याआधी मला, का कोण जाणे, अपराधी वाटले. कर्ज नाकारले जाण्यात आपल्याकडे एक प्रकारचा कलंक आहे. माणूस पैशाचा खोटा ठरल्यासारखे वाटते आणि त्या शरमेत तो आपले हक्काचे पैसेही हळू आवाजात मागतो. मीही हळू आवाजातच मागितले. शोरूमच्या व्यवस्थापकाने सौजन्याने सांगितले की पैसे अवश्य परत मिळतील, फक्त २५,००० रुपये कॅन्सलेशनचे आणि १८,५०० ॲक्सेसरीजचे कापले जातील. सीट कव्हर आणि मॅट कोणत्या गाडीत बसवल्या, असे मी विचारले. ते म्हणाले, ऑर्डर गेली आहे. मी म्हणाले, कर्ज तर तुम्हीच करून देणार होतात. त्यावर ते जे वाक्य बोलले ते मला आजही त्याच चालीत ऐकू येते: ‘‘मॅडम, लोन हा तुमचा आणि बँकेचा विषय. आमचा संबंध फक्त गाडीशी.’’

त्या रात्री मी फॉर्मची मागची बाजू वाचली, आणि एकदा वाचायला बसल्यावर व्यवसायाची सवय जागी झाली. इंग्रजीत, बारीक टायपात, करड्या शाईत एकवीस कलमे होती. अकराव्या कलमाचा अर्थ असा, की वित्तसाहाय्याची व्यवस्था ही सर्वस्वी ग्राहकाची जबाबदारी राहील आणि ते न मिळाल्यास बुकिंग रद्द समजून कंपनीला योग्य वाटेल ती रक्कम कापून घेतली जाईल. ‘योग्य वाटेल ती.’ रक्कम नाही, टक्का नाही, मुदत नाही. मग मी पान उलटून पुन्हा पुढच्या बाजूला आले. तिथे माझ्या सहीच्या दोन इंच वर एक चौकट होती: फायनान्स, आणि पुढे दोन पर्याय, ‘इन-हाउस’ आणि ‘सेल्फ’. विक्री प्रतिनिधीने आपल्या हाताने, आपल्या पेनने ‘इन-हाउस’समोर बरोबरची खूण केली होती.

एखाद्या पुस्तकात पान ४० वर नायिकेचे डोळे घारे असतील आणि पान ९० वर काळे, तर मी समासात प्रश्नचिन्ह काढते. मी फॉर्मच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. पुढची बाजू म्हणत होती की कर्ज शोरूम करून देणार. मागची म्हणत होती की त्याच्याशी शोरूमचा संबंध नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म त्या एका विसंगतीत आहे. गाडी विकताना कर्ज आणि गाडी एकाच ताटात वाढले जातात, किंबहुना आधी हप्ता विकला जातो आणि मग गाडी: ‘‘महिना बारा हजारांत बसतंय, मॅडम.’’ कर्ज फिसकटले की दोन वेगळी ताटे होतात. परंतु काचेच्या केबिनमधला तो तरुण तिथे कोणासाठी बसला होता? कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्तसंस्थेकडून शोरूमला मोबदला मिळतो, ज्याला त्या व्यवसायात ‘पेआउट’ म्हणतात, आणि त्यामुळेच मला माझ्या बँकेत जाऊ न देण्यात त्यांना एवढा रस होता. बँकेच्या बाजूने पाहिले तर असा मध्यस्थ तिचा विक्री प्रतिनिधी ठरतो, आणि बँकांनी बाहेरच्यांकडून करून घेतलेल्या कामाबद्दल रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत अशा प्रतिनिधींच्या कृतीची जबाबदारी बँकेवरच राहते असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जो माणूस शोरूमच्या पगारावर आहे आणि बँकेचे काम करतो आहे, त्याचा शब्द दोघांपैकी कोणालाच चिकटत नाही, असे म्हणायची सोय दोघांनाही नसावी. आणि करारातला मजकूर दोन तोंडांनी बोलत असेल, तर ज्याने तो लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यायचा, हे न्यायालयांचे जुने तत्त्व आहे. ते कळल्यावर मला बरे वाटले. लेखकाच्या चुकीची शिक्षा वाचकाला होऊ नये, हे आमच्या धंद्यातही मानतात.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त वकील राहतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी कलमे वाचलीच नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘गाडी कुठे आहे?’’ मी म्हटले, कोणती? ‘‘तुमच्या नावाने अलॉट केलेली.’’ आणि मला आठवले की विक्री प्रतिनिधी, जो मनाने वाईट मुलगा नव्हता, दसऱ्यानंतर माझी समजूत घालताना म्हणाला होता, ‘‘तुमची गाडी त्याच दिवशी गेली, मॅडम. वेटिंगवाल्याने उचलली, तासभरसुद्धा थांबली नाही.’’ अण्णा खुर्चीत मागे रेलले. ‘‘मग त्यांचं नुकसान काय झालं?’’

त्यानंतरचा पाऊण तास त्यांनी मला बटाट्यांची गोष्ट सांगितली. १९४७ साली मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने लष्कराला बटाटे पुरवण्याचा करार केला आणि १०,००० रुपये अनामत ठेवली. कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याच्या दुसऱ्या करारासाठी ८,५०० रुपये. पुरवठ्यात तो कमी पडला, सरकारने करार रद्द करून दोन्ही अनामत रकमा जप्त केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये निकाल लागला. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी करार मोडला गेल्यावर मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की बटाटे बाजारातून किती महाग घ्यावे लागले हे सरकारला सहज दाखवता आले असते. ज्याचे नुकसान मोजता येते त्याने ते मोजून दाखवावे, न मोजता अनामत गिळू नये. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात न्यायालयाने हाच धागा पुढे नेला: नुकसानच झाले नसेल तर भरपाई कसली?

अण्णा वकील असल्यामुळे त्यांनी लगेच दुसरी बाजूही सांगितली, आणि ती इथे गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘इसारा’ची गोष्ट वेगळी आहे. व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेली वाजवी इसारा रक्कम, घेणाऱ्याने व्यवहार मोडला तर विकणाऱ्याला ठेवता येते, हे मौला बक्षच्याच निकालात मान्य केलेले आहे. तेव्हा २१,००० हा इसार होता असे शोरूम म्हणू शकली असती. पण उरलेले १,२९,००० तर किमतीचाच भाग होते, ते इसार कसे होतील? शिवाय व्यवहार मोडला कोणी? मी जर जुने थकलेले कर्ज लपवले असते, चुकीची कागदपत्रे दिली असती, किंवा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला दुसरा रंग आवडला म्हणून माघार घेतली असती, तर इसार सोडून देणे मला भाग होते आणि मी तो सोडला असता. इथे मी गाडी घ्यायला तयार होते; ज्या कर्जाचा भरवसा विकणाऱ्यानेच दिला होता, ते आले नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात ‘अनुचित करार’ अशी एक नवी कल्पना आली आहे. झालेल्या नुकसानीच्या तुलनेत अवाच्या सवा दंड लावणारे कलम, किंवा ग्राहकाला तोट्यात ढकलणारी अवाजवी अट, ही त्याची उदाहरणे कायद्यातच दिलेली आहेत. माझे अकरावे कलम त्या वर्णनात चपखल बसत होते. पण इथे एक गंमत आहे, जी अण्णांनी सांगितली नसती तर मी ठेच खाल्ली असती. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या आयोगाला, ऐकता येत नाही. ती राज्य आयोगाकडे करावी लागते. जिल्हा आयोगात जायचे तर ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या शब्दांनी जावे लागते. त्यांतल्या दुसऱ्या शब्दाच्या व्याख्येत, तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेले खोटे विधान येते. फुगे आणि लाडू असलेला तो निरोप मी पुसून टाकणार होते. तो माझ्या सगळ्या कागदपत्रांतला सर्वांत वजनदार कागद निघाला.

बाकीच्या गोष्टी मी समजत होते त्यापेक्षा सोप्या होत्या. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. आणि शोरूम कुठेही असो, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्यात राहून दुसऱ्या गावची गाडी स्वस्त मिळते म्हणून तिकडे बुकिंग करणाऱ्यांनी हे शेवटचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. टॅक्सीसाठी गाडी घेणाऱ्यालाही, ती एकच गाडी स्वतः चालवून पोट भरण्यासाठी असेल तर, कायदा ग्राहकच मानतो. ज्या शहरात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, त्या शहरात हयात घालवून मला हे पन्नाशीत कळावे, याबद्दल मी अण्णांची बोलणी मुकाट्याने ऐकून घेतली.

कर्ज का नाकारले गेले, हा प्रश्न मात्र मला पैशांपेक्षाही अधिक छळत होता. बँकांसाठीच्या उचित व्यवहार संहितेप्रमाणे नकाराचे मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवावे लागते. आधी हा नियम छोट्या कर्जांपुरता होता, २००७ पासून तो सगळ्या कर्जांना लागू झाला. मी बँकेच्या शाखेत जाऊन लेखी कारण मागितले. काउंटरवरच्या बाईंना हे मागणे नवीन होते, पण आठ दिवसांनी एका ओळीचा मेल आला: क्रेडिट माहिती अहवालातील थकबाकी. माझी थकबाकी? मी आयुष्यात एकदाच हप्त्यांवर वस्तू घेतली होती, तो फ्रिज होता, आणि त्याचे कर्ज २०२१ मध्येच फिटले होते.

कोणी कोणते कर्ज घेतले आणि कसे फेडले याची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या देशात आहेत (सिबिल ही त्यांतलीच एक) आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी चारही मागवले आणि चार प्रुफे लावावीत तसे शेजारी शेजारी ठेवून वाचले. तिघांत फ्रिजचे कर्ज बंद होते. चौथ्यात ते चालू होते, थकीत ५९० रुपये. कधीकाळी चेक न वटल्याचा आकार कोणीतरी लावला होता, तो मला कधी कळवला नव्हता, आणि गेली तीन वर्षे ती ५९० रुपयांची पाल त्या अहवालाच्या भिंतीवर बसून होती. त्याच अहवालात, सप्टेंबरच्या अखेरीपासून आठ दिवसांत, तीन वित्तसंस्थांनी माझा अहवाल पाहिल्याची नोंद होती. मी एका बँकेच्या फॉर्मवर सही केली होती. अहवाल कोणी पाहिला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आता आहे, आणि ते संदेश मला आलेही होते. मी ते जाहिराती समजून न वाचता सोडून दिले होते. मुद्रितशोधकाची ही दुसरी नापासी. चूक दुरुस्त करायला ३० दिवसांची मुदत असते आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझी नोंद सव्विसाव्या दिवशी दुरुस्त झाली, त्यामुळे ती कमाई हुकली.

या काळात न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भावाशी बोलणे झाले. तो म्हणाला, तिकडे उलटा खेळ आहे. कर्ज पक्के होण्याआधीच गाडी घरी पाठवतात, आणि काही दिवसांनी फोन येतो की मंजुरी आली नाही, परत या, जास्त व्याजाच्या नव्या कागदावर सही करा. दोरीला बांधलेल्या यो-यो चक्रीसारखा ग्राहक गरगरत परत येतो, म्हणून त्याला तेच नाव पडले आहे. अशा वेळी गाडी परत करून आपले डाउन पेमेंट आणि दिलेली जुनी गाडी मागावी, तर जुनी गाडी विकून टाकलेली असते, आणि तिथे ग्राहक अडतो.

‘जुनी गाडी’ हे शब्द ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. आमची आठशे अजून दारातच उभी होती, पण एक्स्चेंजसाठी म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, म्हणजे मालकी हस्तांतराचे कागद, मी कोरे सही करून देऊन बसले होते. गाडीही त्याच वेळी दिली असती, तर आज पायी आणि वर जबाबदार, अशी माझी अवस्था झाली असती. कारण आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच बांधील, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूम उघडायच्या आधी मी दारात होते. पैशांचे नंतर बघू, आधी माझे दोन कागद द्या, म्हणून बसून राहिले आणि ते घेऊनच उठले.

मग मी पत्र लिहिले, मराठीत, दोन पाने, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले. त्यात विशेषण एकही ठेवले नाही. भरलेल्या रकमांच्या तारखा, पुढच्या पानावरची इन-हाउसची खूण, व्हॉट्सॲपचा निरोप, बँकेचा नकार, गाडी त्याच दिवशी दुसऱ्याला विकली गेल्याची माहिती, ॲक्सेसरीजच्या ऑर्डरची प्रत आणि बिलाची मागणी, आणि पंधरा दिवसांत पूर्ण परतावा न मिळाल्यास जिल्हा आयोगात जाण्याचा इरादा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, फक्त निरोप पोचवते आणि पाठपुरावा करते, पण निरोप गाडी बनवणाऱ्या कंपनीपर्यंत पोचला. कंपनीचे उत्तर गुळगुळीत होते: डीलर हा स्वतंत्र व्यापारी असून त्याच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही. शोरूमचा बँकेशी संबंध नाही, कंपनीचा शोरूमशी संबंध नाही. एका गाडीच्या भोवती इतकी असंबंधित माणसे मी प्रथमच पाहिली.

एकोणिसाव्या दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. आवाजात तेच सौजन्य होते. ॲक्सेसरीजचे बिल सापडत नव्हते. १,४५,००० रुपये दोन दिवसांत खात्यावर येतील, ५,००० मात्र फाइलच्या खर्चापोटी ठेवावे लागतील. अण्णांचे म्हणणे, ते पाच हजारही सोडू नका. तत्त्वाचा प्रश्न आहे. मी सोडले. माझ्या फाइलमागे एका मुलाचे दोन-तीन दिवस गेले होते, त्याने मला भर दुपारी आरटीओचे कर समजावून सांगितले होते, आणि या गोष्टींना काही किंमत आहे असे मला वाटते, हे एक कारण. दुसरे आणि अधिक खरे कारण असे, की मी दमले होते. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, पण तारखांना कायदा वाचता येत नाही. आपल्यातले बहुतेक जण असे तडजोडीच्या कडेला येऊन थांबतात, आणि २५,००० कापायची हिंमत शोरूमला याच हिशेबावर होते, हे मला त्याही वेळी कळत होते.

यंदा गुढी पाडव्याच्या आधी त्याच विक्री प्रतिनिधीचा फोन आला. आता तो मला ताई म्हणतो. नवी ऑफर आहे, लोन आपणच करून देऊ, आता तर तुमचा सिबिल मस्त झाला असेल. मी म्हटले, घेईन. पण बुकिंग फॉर्मच्या पुढच्या बाजूला, माझ्या सहीच्या वर, एक वाक्य लिहून हवे: ‘या कर्जास मंजुरी न मिळाल्यास ग्राहकाने भरलेली संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांच्या आत कोणतीही कपात न करता परत केली जाईल.’ तो म्हणाला, मॅनेजरना विचारून सांगतो. मला वाटले, संपले. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर कोऱ्या फॉर्मचा फोटो आला. वाक्य खरोखरच लिहिले होते, निळ्या शाईत, तिरपे. ‘मंजूरी’तला जू दीर्घ होता आणि ‘कपात’ऐवजी ‘कपाट’ झाले होते. मी पहिली चूक सोडून दिली. दुसरी दुरुस्त करून, खाली व्यवस्थापकांची सही आणि शिक्का मारून पाठवा, असे त्याला कळवले.